जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात नवं मेमरी कार्ड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या दिवाळीत भाची दाजींच्या कपाटातून एक चंदेरी कॅमेरा घेऊन आली. २००४ सालचा, ३.२ मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. आत १६ एमबीचं कार्ड होतं, आणि त्यावर जेमतेम अकरा फोटो मावत होते. "मामा, मी नवीन ६४ जीबीचं आणलंय, पण हा नुसतं 'कार्ड एरर' म्हणतो. बिघडलाय का?" बिघडला नव्हता. तेव्हापासून तिच्या मैत्रिणी, मैत्रिणींचे भाऊ आणि आमच्या सोसायटीतले दोन निवृत्त काका तेच ते प्रश्न घेऊन येतात. दर वेळी तोंडाची वाफ दवडण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो.

कार्ड खाचेत नीट बसतं. मग चालत का नाही?

बसणं वेगळं आणि पटणं वेगळं. लग्नाळू मुलांच्या आईवडिलांना हे समजावून सांगावं लागत नाही, कॅमेरावाल्यांना लागतं.

एसडी कार्डाचा साचा १९९९ मध्ये मात्सुशिता (म्हणजे पॅनासॉनिकवाले), तोशिबा आणि सॅनडिस्क यांनी मिळून ठरवला. ३२ मिलिमीटर लांब, २४ रुंद, २.१ जाड. तो आजही तसाच आहे. आतली बोली मात्र बदलत गेली. मूळ एसडी २ जीबीपर्यंत. २००६ मध्ये एसडीएचसी आलं, ते ३२ जीबीपर्यंत. २००९ मध्ये एसडीएक्ससी जाहीर झालं, ते थेट २ टीबीपर्यंत. कार्डावर या तिघांपैकी कोणती अक्षरं छापली आहेत ते बघा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

आता बोली बदलली म्हणजे नेमकं काय झालं? पेठेतल्या पत्त्यांचं उदाहरण घेऊ. जुना कॅमेरा हा असा पोस्टमन आहे, की ज्याला प्रत्येक खोलीचा स्वतंत्र नंबर लागतो. एक खोली म्हणजे एक बाइट. नंबर लिहायला त्याच्या वहीत ३२ बिटांचाच रकाना, म्हणजे साधारण ४२९ कोटी खोल्या. त्याचे होतात ४ जीबी. त्यापुढे नंबरच शिल्लक नाहीत. एसडीएचसी करणाऱ्यांनी रकाना तेवढाच ठेवला, पण खोल्या मोजायच्या सोडून वाडे मोजायला सुरुवात केली. एका वाड्यात ५१२ खोल्या. त्याच रकान्यात मग २ टीबीपर्यंतचे पत्ते बसायला लागले.

गंमत पुढे आहे. नवं कार्ड चालू होताना कॅमेऱ्याने आधी सांगावं लागतं, की "मला वाड्यांचा हिशोब कळतो." २००४ चा कॅमेरा हे सांगूच शकत नाही, कारण तेव्हा ते वाक्यच अस्तित्वात नव्हतं. कार्ड वाट बघत बसतं, तयार आहे असं काही कळवत नाही, आणि कॅमेरा कंटाळून 'कार्ड एरर' दाखवतो. दोघांत बिघाड कशाचाच नाही.

म्हणून फॉरमॅट मारून हा प्रश्न सुटत नाही. फॉरमॅट ही पुढची पायरी. इथे दोघांचा नमस्कारच झालेला नाही.

मग ४ जीबी कार्डाचे कॉम्प्युटरवर दोन भाग पाडले तर?

नाही. भाग पाडलेत तरी कार्ड एसडीएचसीच राहतं. बाजारात एके काळी साध्या एसडीच्या बोलीतली ४ जीबी कार्डं मिळायची, ती काही कॅमेऱ्यांत चालायचीही, पण ती नियमाला सोडून होती. ती शोधत फिरू नका.

माझ्या कॅमेऱ्याला कोणतं कार्ड चालेल हे कसं ओळखायचं?

आधी कार्डाच्या झाकणाजवळ किंवा कॅमेऱ्याच्या बुडाशी छापलेलं चिन्ह बघा. नुसतं 'एसडी' असेल तर २ जीबीच्या पुढे जाऊ नका. 'एसडीएचसी' असेल तर ३२ जीबीपर्यंत निर्धास्त. काहीच दिसत नसेल तर मॉडेल कोणत्या साली बाजारात आलं ते शोधा. २००६ च्या आधीचं असेल तर २ जीबीच धरून चाला. २००६ आणि २००७ हा संधिकाल आहे, तिथे एकाच कंपनीचे दोन शेजारी वेगळे वागतात. निकॉनचा डी५० २००५ चा, तो एसडीएचसी घेत नाही. डी४० २००६ च्या अखेरीस आला, तो घेतो. हातात धरले तर दोघे भाऊभाऊच वाटतात. काही मोजक्या मॉडेलना कंपनीने नंतर नवं फर्मवेअर (म्हणजे कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्रॅम) देऊन एसडीएचसी शिकवलं, त्यामुळे कंपनीच्या साइटवर मॉडेलचं जुनं पान अजून असेल तर तिथे एकदा डोकावा.

आणि माहितीपुस्तिका! ती फेकलेली नसते हो. कॅमेऱ्याच्या खोक्यात थर्माकोलखाली असते. त्यात चालणाऱ्या कार्डांचा तक्ता सहसा शेवटच्या पानांत सापडतो.

कॅमेरा एसडीएचसीवाला आहे. त्यात ६४ जीबी एसडीएक्ससी चालेल का?

अधिकृत उत्तर नाही. व्यवहारातलं उत्तर: बऱ्याचदा चालतं.

कारण असं, की एसडीएचसी आणि एसडीएक्ससी दोघंही वाड्यांच्याच हिशोबाने चालतात. नमस्कार होतो. अडतं ते पुढे, कारण एसडीएक्ससी कार्ड दुकानातून येतं तेव्हा त्यावर एक्सफॅट नावाची मांडणी असते आणि जुन्या कॅमेऱ्याला ती वाचता येत नाही. त्याला फॅट-३२ हवी. तेव्हा कार्ड कॅमेऱ्यात घाला आणि मेनूतून फॉरमॅट करायला सांगा. काही कॅमेरे मुकाट्याने करून देतात. नाही म्हणाला तर कॉम्प्युटरवर फॅट-३२ करावं लागेल. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट-३२ चा पर्याय सहसा दाखवत नाही, त्यासाठी छोटी वेगळी साधनं मिळतात.

माझं मत विचाराल तर हा खटाटोप तेव्हाच करा, जेव्हा ६४ जीबीचं कार्ड घरात आधीच पडून आहे. मुद्दाम विकत घ्यायचं असेल तर १६ किंवा ३२ जीबी घ्या. आणि चालतंय असं वाटलं तरी लगेच बहिणीच्या लग्नाला नेऊ नका. घरीच बसून कार्ड एकदा काठोकाठ भरा, सगळे फोटो कॉम्प्युटरवर उघडून बघा, मग न्या. दहा फोटो नीट निघाले म्हणजे पाच हजारावा निघेलच असं नाही.

२ जीबीचं कार्ड आता पुण्यात मिळतं तरी कुठे?

नवं मिळणं कठीण झालंय. तपकीर गल्लीत विचारलंत तर आधी दुकानदार तुमच्याकडे बघतो, मग ३२ जीबी पुढे करतो. "त्यात काय, मोठं तर मोठं!" असं म्हणणाऱ्याला वरची पोस्टमनची गोष्ट सांगू नका, त्याला गिऱ्हाईकं आहेत. चार दुकानं फिरलात तर एखाद्याच्या खालच्या खणात निघतं.

माझा खरा सल्ला वेगळा आहे. आधी घरातले जुने बटनाचे फोन शोधा. त्यांत १ किंवा २ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड असायचं. ते एसडीच्या अॅडॉप्टरमध्ये घालून कॅमेऱ्यात वापरता येतं. अॅडॉप्टरमध्ये मेंदू वगैरे काही नसतो, नुसत्या तारा इकडून तिकडे नेलेल्या असतात. त्यामुळे मायक्रोएसडी ज्या जातीचं, त्याच जातीचं कार्ड कॅमेऱ्याला दिसतं. भाचीचं काम आईच्या जुन्या फोनमधल्या २ जीबी कार्डाने झालं. फोन औषधांच्या डब्यात होता. का, ते विचारायचं नाही.

एक बारीक फट इथेही आहे. २ जीबीचं कार्ड मूळ एसडीतच मोडतं, पण तेवढी जागा मोजता यावी म्हणून त्यात ठोकळ्याचं, म्हणजे एका वेळी वाचायच्या तुकड्याचं, माप ५१२ ऐवजी १०२४ बाइट सांगितलेलं असतं. अगदी सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांना हे समजत नाही. ते २ जीबीला १ जीबी समजतात किंवा घेतच नाहीत. अशा वेळी १ जीबी किंवा ५१२ एमबी शोधा. ३ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला तेही डोंगराएवढं आहे.

जुन्या बाजारातलं कार्ड घ्यावं का?

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे चादरीवर कॅमेरे, चार्जर आणि कार्डं एकाच ढिगात असतात. घ्यायला हरकत नाही, पण सोबत सेल घातलेला कॅमेरा न्या आणि तिथेच उभं राहून एक फोटो काढून बघा. कार्डावर कधी कधी कुणाच्या तरी घरचे फोटो निघतात. माझ्या हाती आलेल्या एकावर मुंजीचे होते, बटू रडवेला, मागे केळीचे खांब. बघत बसू नका, फॉरमॅट मारा.

क्लास १०, यू३, व्ही३० असलं वेगवान कार्ड घातलं तर जुना कॅमेरा जलद होईल का?

होणार नाही. लुनाला रेसच्या गाडीचं टायर लावून काय होतं? कार्ड किती वेगात लिहू शकतं यापेक्षा कॅमेरा किती वेगात देऊ शकतो ते इथे आडवं येतं. सुरुवातीच्या एसडीच्या तारांचाच कमाल वेग सेकंदाला १२.५ एमबी, नंतर तो २५ झाला. त्यातही त्या काळचे छोटे कॅमेरे यापेक्षा खूप मागे असायचे. यूएचएस-१ (ही नंतरच्या वेगवान कार्डांची जात) कार्ड जुन्या कॅमेऱ्यात घातलं तर ते निमूटपणे जुन्या चालीने चालतं, तक्रार करत नाही. यूएचएस-२ कार्डाला मागे पिनांची दुसरी ओळ असते. जुन्या खाचेत त्या ओळीला स्पर्श करणारं काहीच नसतं, म्हणजे तुम्ही पैसे दिलेत ती ओळ अंधारात बसून राहते.

वेगवान कार्डाचा एकच फायदा दिसेल: नव्या कार्ड रीडरमधून फोटो लॅपटॉपवर घेताना.

फॉरमॅट कॅमेऱ्यात करू की कॉम्प्युटरवर?

कॅमेऱ्यात. नेहमी. त्याला हवी ती मांडणी आणि हवे ते फोल्डर तो स्वतः करून घेतो. कॉम्प्युटरवर करायची वेळ आलीच तर २ जीबी किंवा त्याहून लहान कार्डाला फॅट (म्हणजे फॅट-१६) निवडा, ४ ते ३२ जीबीला फॅट-३२. एनटीएफएस चुकूनही नको. एसडी असोसिएशनचं स्वतःचं मोफत फॉरमॅटर आहे, ते हे सगळं आपोआप बघतं.

कार्ड लॉक आहे असं दाखवतंय, पण खटका तर वरच आहे!

कार्डाच्या डाव्या कडेचा तो इवलासा प्लॅस्टिकचा खटका आतल्या कशालाही जोडलेला नसतो. दाराला आतून कडी असते तशी ही कडी नाही, ही दारावरची 'कृपया बेल वाजवू नये' पाटी आहे. कॅमेऱ्याच्या खाचेत एक छोटी पत्ती असते, ती खटका कुठे आहे हे चाचपते आणि कॅमेरा त्याप्रमाणे वागतो. वापरून वापरून खटका सैल होतो, कार्ड आत ढकलताना खाली सरकतो किंवा चक्क गळून पडतो. मग कॅमेरा म्हणतो लॉक.

उपाय चार आण्यांचा आहे. खटक्याच्या जागी सेलोटेपचा बारीक तुकडा गुंडाळा. सोनेरी पट्ट्यांवर टेप जाऊ देऊ नका, आणि टेप एकपदरीच ठेवा, नाहीतर कार्ड आत अडकून बसेल आणि चिमटा शोधावा लागेल.

माझ्या जुन्या डीएसएलआरमध्ये मोठं, जाड कार्ड लागतं. ते कोणतं?

कॉम्पॅक्टफ्लॅश, म्हणजे सीएफ. सॅनडिस्कने १९९४ मध्ये आणलं. निकॉन डी७०, कॅनन ३००डी, ३५०डी, ४००डी हे सगळे सीएफवाले. या कार्डाचा स्वभाव एसडीपेक्षा मनमिळाऊ आहे, कारण ते कॅमेऱ्याशी जुन्या कॉम्प्युटरच्या हार्डडिस्कच्या भाषेत बोलतं, आणि त्या भाषेत २ जीबीचा असा बांध कधी नव्हता. अडचण येते ती मांडणीची. ज्या कॅमेऱ्याला फक्त फॅट-१६ कळतं, तो २ जीबीच्या पलीकडे बघत नाही. फॅट-३२ कळणारे मोठी कार्डं घेतात.

सीएफ अजून नवी मिळतात, पण महाग पडतात. म्हणून लोक एसडी घालायचा सीएफ अॅडॉप्टर घेतात. चालतो, पण घेण्याआधी जाडी विचारा. सीएफ दोन जाडींत येतं: पहिला प्रकार ३.३ मिलिमीटर, दुसरा ५. पुष्कळसे अॅडॉप्टर दुसऱ्या प्रकारचे असतात आणि पहिल्याच प्रकारच्या खाचेत जात नाहीत. सीफास्ट आणि सीएफएक्सप्रेस ही नावं ऐकून फसू नका, ती निराळी कार्डं आहेत.

आता जे सांगतो ते लक्ष देऊन वाचा. सीएफच्या खाचेत ५० बारीक पिना उभ्या असतात. एकदा कवडीपाटला पहाटे, थंडीने बोटं आखडलेली, समोर चक्रवाकांचा थवा उतरतोय आणि माझं कार्ड भरलेलं. घाईत दुसरं तिरकं घातलं. जाईना म्हणून अंगठ्याने दाबलं. 'कट' असा इतका बारीक आवाज आला, की मला वाटलं बसलं. एक पिन आडवी झाली होती. घरी आल्यावर टेबलदिव्याखाली, भिंग डोळ्याला लावून, सुईने ती सरळ करायला दोन तास गेले, आणि त्या दोन तासांत मी श्वास किती वेळा घेतला ते मोजता येईल. सीएफ सरळ घालायचं. जात नसेल तर बाहेर काढून बाजू बघायची. दाबायचं नाही.

एक्सडी, मेमरी स्टिक, स्मार्टमीडिया?

एक्सडी हे ऑलिंपस आणि फुजीफिल्मचं २००२ चं अपत्य. सुरुवातीच्या प्रकारचं ५१२ एमबीपर्यंत, नंतरचे एम आणि एच प्रकार २ जीबीपर्यंत, आणि तिथेच ते थांबलं. जुन्या कॅमेऱ्यांना एम-एच प्रकार चालेलच असं नाही. वापरलेलं शोधणं हाच मार्ग.

सोनीची मेमरी स्टिक १९९८ ची, मूळ प्रकार १२८ एमबीपर्यंत. २००३ मध्ये प्रो आली, तिचा आखूड अवतार म्हणजे प्रो ड्युओ. प्रो ड्युओवाला सायबरशॉट असेल तर तुमचं नशीब चांगलं. मायक्रोएसडी घालायचे अॅडॉप्टर मिळतात आणि बहुतेक ठिकाणी चालतात. इथे अॅडॉप्टरला खरोखरच मेंदू असतो, तो भाषांतर करतो. मूळ मेमरी स्टिकच्या काळातल्या कॅमेऱ्यांना मात्र प्रो कळत नाही.

स्मार्टमीडिया पातळ पुठ्ठ्यासारखं, १२८ एमबीपर्यंत. त्यात ५ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट असे दोन प्रकार होते, घेताना तेवढं बघा.

लॅपटॉप म्हणतो 'डिस्क फॉरमॅट करा'. करू?

थांबा! 'हो' दाबू नका. बहुतेक वेळा कार्ड ठणठणीत असतं आणि रीडर जुना असतो. २००६ च्या आधीचा यूएसबी रीडर एसडीएचसीसमोर तसाच गोंधळतो, जसा जुना कॅमेरा गोंधळतो. आधी नव्या रीडरमध्ये घालून बघा. उलटं मात्र सहसा होत नाही, नवे रीडर जुनी एसडी कार्डं वाचतात. तेही जमलं नाही तर कॅमेराच मिनी-यूएसबीच्या केबलने जोडा. ती केबल घरातल्या वायरींच्या गुंत्यात असतेच.

नवीन ६४ जीबी कार्ड होतं, अर्धे फोटो करडे आले. असं का?

कार्ड खोटं असण्याची शक्यता दाट आहे. मीही फसलोय. सेलमध्ये स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं, चार दिवस झकास चाललं, पाचव्या दिवशी काढलेले फोटो उघडले तर वरची दोन बोटं आभाळ आणि खाली सगळा करडा पट्टा. आत खरी जागा ८ जीबीच होती. अशा कार्डातला कंट्रोलर, म्हणजे कार्डाचा कारभार बघणारी चिप, विचारणाऱ्याला खुशाल ६४ सांगतो, आणि खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत सोडून देतो किंवा आधीच्यावरच लिहितो. विक्रेत्याने पैसे दिले परत, फोटो कोण देणार?

कार्ड आणलं की पहिल्याच दिवशी तपासा. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्स आणि मॅकवर एफ-थ्री. दोन्ही मोफत. कार्ड पूर्ण भरतात, परत वाचतात, आणि जे लिहिलं तेच निघतंय का ते सांगतात. मोठ्या कार्डाला तासन्‌तास लागतात, रात्री लावून झोपा.

पावसाळ्यात कार्ड मधूनच ओळखत नाही.

सोनेरी पट्ट्या कळकट झाल्या असतील. पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसा, भुगा फुंकून टाका. कॅमेऱ्याच्या खाचेत मात्र काही घालू नका.

कार्ड घेतलं, पण कॅमेरा दोन फोटोंत बंद पडतो.

कार्डाचा दोष नाही, सेलचा. भिंतीवरच्या घड्याळातले साधे सेल इथे टिकत नाहीत. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड आणा.

२ जीबी कार्ड घातलं तर कॅमेरा ९९९च फोटो दाखवतो. जागा वाया जाते का?

नाही. त्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर आकड्यासाठी तीनच घरं आहेत. हिशोब करून बघा: एक फोटो साधारण १.४ एमबीचा, म्हणजे २ जीबीत तेराशे-चौदाशे मावतात. ९९९ च्या वरचं त्याला दाखवता येत नाही, एवढंच. जुन्या कॅमेऱ्याला कार्ड मोठं वाटलं की चालू व्हायलाही दोन-चार सेकंद जास्त लागतात, कारण रिकामी जागा मोजायला तो पूर्ण यादी चाळत बसतो. तेवढं सोसायचं.

भाचीला हे सांगितलं होतं, पण ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. संध्याकाळी सारसबागेतून तिचा फोन. "मामा, दीडशे फोटो काढले रे आम्ही, आणि हा अजून ९९९च म्हणतोय. नक्की साठवतोय ना?"